ठोशातला जोर येतो कुठून?

मुष्टियुद्धाच्या लढती आता घरबसल्या पाहायला मिळतात. दोन धिप्पाड पुरुष समोरासमोर उभे असतात, एकामागून एक फेऱ्या संपत जातात आणि अचानक एका ठोशासरशी त्यांतला एक जण बुंध्यापासून तोडलेल्या झाडासारखा आडवा होतो. पाहणाऱ्याला त्यात नवल वाटत नाही. शंभर किलोच्या माणसाचा ठोसा बसल्यावर दुसरे काय होणार, असे तो म्हणतो. पण शंभर किलोचे तर दोघेही असतात. मग एकाच्या एका ठोशाने समोरचा कोसळतो आणि दुसऱ्याचे वीस ठोसे खाऊनही समोरचा उभाच राहतो, असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ खेळाच्या शौकिनांचा नाही. आपले स्नायू, मज्जातंतू, हाडे आणि मेंदू एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, हे समजून घेण्यासाठी ठोशाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय लहान शहरांतली मुले-मुलीही आता बॉक्सिंग शिकू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना ठोशाचा जोर कशाने येतो आणि तो जोर समोरच्याच्या डोक्यात जाऊन काय करतो, या दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात.

वजनाचे महत्त्व किती?

वजनाला महत्त्व नाही असे कोणी म्हणणार नाही. तसे असते तर या खेळात वजनगट पाडलेच नसते. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी ऑलिंपिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांना एका यांत्रिक पुतळ्याच्या तोंडावर ठोसे मारायला लावले. त्यांत सर्वांत हलक्या गटांपैकी फ्लायवेटपासून ते सुपर हेवीवेटपर्यंतचे खेळाडू होते. वजनगट जसा वाढत गेला तसा ठोशाचा जोरही वाढलेला आढळला. म्हणजे पन्नास किलोचा खेळाडू आणि शंभर किलोचा खेळाडू यांची तुलना केली तर वजन जिंकते.

पण हेवीवेट गटाची गोष्ट वेगळी आहे. या गटाला वरची मर्यादाच नाही. येथे सगळेच भारी, आणि तरीही सर्वांत भारी तो सर्वांत जोरकस, असे इतिहास सांगत नाही.

इटलीचा प्रिमो कार्नेरा साडेसहा फुटांच्या आसपास उंच होता आणि त्याचे वजन सुमारे ११९ किलो होते. १४ जून १९३४ रोजी त्याच्यासमोर मॅक्स बेअर उभा राहिला. बेअर त्याच्यापेक्षा जवळजवळ चोवीस किलोंनी हलका होता. पण बेअरच्या ठोशांनी कार्नेरा पुन्हा पुन्हा खाली पडला आणि अकराव्या फेरीत लढत थांबवावी लागली. रॉकी मार्सियानोने १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने झोपवून जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा त्याचे वजन अवघे ८३-८४ किलो होते. आजच्या नियमाने तो हेवीवेटमध्ये बसलाच नसता. त्याने व्यावसायिक कारकिर्दीतल्या ४९ पैकी ४९ लढती जिंकल्या आणि त्यांतल्या ४३ नॉकआऊटने.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर डिसेंबर २०१८ मधली लॉस एंजेलिसची लढत पाहावी. अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर सुमारे ९६ किलोंचा, तर ब्रिटनचा टायसन फ्युरी सुमारे ११६ किलोंचा. वीस किलोंच्या या फरकाला न जुमानता वाइल्डरने फ्युरीला दोनदा खाली पाडले. फ्युरी दोन्ही वेळा उठला आणि लढत बरोबरीत सुटली, हा भाग वेगळा. उलट रशियाचा निकोलाय व्हालुएव्ह सात फूट उंच आणि १४० किलोंच्या वर होता. त्याच्याएवढा भारी जगज्जेता या खेळात झाला नाही. पण त्याला पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळाले ते गुणांवर, आणि २००९ मध्ये त्याच्याहून सुमारे पंचेचाळीस किलोंनी हलक्या डेव्हिड हेने ते काढून घेतले तेही गुणांवरच.

तेव्हा वजन हे भांडवल आहे. ते व्यवहारात कसे वापरायचे, हा खरा प्रश्न आहे.

ठोशाचे गणित

हातोड्याचे उदाहरण घेऊ. खिळा किती आत जाईल हे दोन गोष्टींवर ठरते. हातोडा किती जड आहे आणि तो किती वेगाने येतो. जड हातोडा हळूच टेकवला तर खिळा हलत नाही. हलकी काठी कितीही वेगाने मारली तरी खिळा आत जात नाही. जडपणा आणि वेग दोन्ही एकाच क्षणी तेथे हजर असावे लागतात.

१९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. ब्रिटनचा हेवीवेट मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो, जो पुढे १९९५ मध्ये जगज्जेता झाला, त्याच्या ठोशाचे मोजमाप त्यात दिले आहे. त्याची मूठ सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने आली. टोलाचा जोर ४०९६ न्यूटन भरला. सोप्या भाषेत सांगायचे तर चारशे किलोंहून अधिक वजनाचा दाब. आणि हा जोर मूठ टेकल्यापासून सेकंदाच्या सत्तराव्या भागात शिगेला पोहोचला. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. संशोधकांनी हिशेब मांडला की सहा किलोंचा, गादी लावलेला लाकडी मोगरा ताशी ३२ किलोमीटर वेगाने डोक्यावर आदळला तर जे होईल, तेच या ठोशाने होईल.

आता एक गंमत लक्षात घ्या. ब्रुनोचे वजन शंभर किलोंच्या आसपास होते, पण मोगऱ्याचे वजन निघाले सहा किलो. वर सांगितलेल्या २००५ च्या अभ्यासात तर सर्व गटांची सरासरी काढली तेव्हा ठोशामागे प्रत्यक्ष उतरलेले वजन तीन किलोंहूनही थोडे कमी भरले. दोन्ही ठिकाणची मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. पण मुद्दा स्पष्ट आहे. वजनकाट्यावरचे वजन वेगळे आणि ठोशात उतरणारे वजन वेगळे. आपल्या एका हाताचे वजन शरीराच्या सुमारे पाच टक्के असते. नवशिका तेवढाही हात ठोशात उतरवू शकत नाही. मुरलेला खेळाडू हातामागे खांदा आणि धडसुद्धा उभे करतो.

जोराचा उगम पायांत

आपल्याकडे ताकदीचा माणूस म्हटला की लोक त्याचे दंड पाहतात. ठोशाच्या बाबतीत पोटऱ्या, मांड्या आणि कंबर पाहायला हवी. १९८० च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी १२० मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचा अभ्यास केला. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये ठोशाच्या जोरातला सुमारे ३८ टक्के वाटा पायांचा, ३७ टक्के धडाच्या फिरकीचा आणि केवळ २४ टक्के हाताचा असल्याचे त्यांना आढळले. खालच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये हे चित्र उलटे होते. तेथे हाताचा वाटा ३८ टक्क्यांपर्यंत गेला आणि पायांचा १६-१७ टक्क्यांवर आला. नवशिका हाताने मारतो, जाणकार जमिनीपासून मारतो, असे याचे सार सांगता येईल.

कुऱ्हाडीने लाकूड फोडणारा माणूस पाहा. तो पाय रोवतो, कमरेतून वळतो, मग खांदा येतो, मग हात आणि सर्वांत शेवटी कुऱ्हाडीचे पाते. ठोशातही हाच क्रम असतो. मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो. जमीन तितक्याच जोराने उलट रेटते. तो रेटा गुडघ्यातून कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात, तेथून कोपरात आणि शेवटी मुठीत येतो. प्रत्येक सांधा आधीच्या सांध्याकडून वेग घेतो, त्यात आपली भर घालतो आणि पुढे देतो. आसूड झटकला की मुठीजवळचा भाग हळू हलतो आणि टोक मात्र कडाडते, तसाच हा प्रकार आहे.

या साखळीतली एक कडी चुकली की जोर गळतो. पाय निसटला, कंबर उशिरा वळली किंवा खांदा आधीच पुढे गेला, तर मुठीत फक्त हाताचाच जोर उरतो. मागे सरकत असताना मारलेला ठोसा म्हणूनच हलका पडतो. ओल्या फरशीवर उभे राहून जड कपाट ढकलून पाहा, जमिनीचा आधार गेला की काय होते ते लगेच कळेल.

या साखळीचा नमुना म्हणून जो फ्रेझिअरचे नाव घेतले जाते. तो सहा फुटांहूनही किंचित कमी उंच होता. लहानपणी त्याचा डावा हात दुखावला आणि पुढे तो कधीच पूर्ण सरळ झाला नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. पण डावा हूक मारताना कोपर वाकलेलेच ठेवावे लागते. गुडघ्यात वाकून, खालून वर येत, सगळे धड फिरवून तो हा हूक मारी. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत त्याच हुकाने त्याने महंमद अलीला पाठीवर पाडले. त्या दिवशी फ्रेझिअरचे वजन अलीपेक्षा चार-पाच किलोंनी कमी होते.

आधी सैल, मग ताठ

जोर लावायचा म्हणजे अंग आवळायचे, अशी आपली समजूत असते. ठोशात ती आड येते. दंडाच्या मागचा स्नायू हात सरळ करतो आणि पुढचा, म्हणजे ज्याची बेटकुळी येते तो, हात वाकवतो. सगळा हात आधीपासून आवळून ठेवला तर हे दोन्ही स्नायू एकमेकांच्या विरुद्ध ओढत राहतात. हे म्हणजे ब्रेक दाबून गाडी पळवण्यासारखे आहे.

उलट हात शेवटपर्यंत सैल ठेवला तर वेग मिळतो, पण मूठ आदळताना मनगट आणि खांदा लुळे पडतात आणि जोर परत आपल्याच अंगात जिरतो. कॅनडातील संशोधकांनी २०१० मध्ये वरच्या दर्जाच्या पाच लढवय्यांच्या स्नायूंतील विद्युत् हालचाल नोंदवली. त्यांना एका फटक्यात दोन शिखरे दिसली. सुरुवातीला स्नायू झटकन आवळतात आणि फटक्याला गती देतात. मग हात प्रवासात असताना ते सैल होतात. आदळण्याच्या क्षणी ते पुन्हा ताठ होतात. या दुसऱ्या ताठरपणामुळे मूठ, हात, खांदा आणि धड क्षणभर एकसंध होते आणि हातोड्याचे वजन वाढते.

हे सगळे सेकंदाच्या काही दशांश भागांत घडते. विचार करून करता येण्याजोगे हे काम नाही. हजारो वेळा केलेल्या सरावाने मज्जासंस्थेत ते मुरते. मुष्टियोद्धे ठोसा मारताना नाकातून किंवा तोंडातून फुस्स असा आवाज काढतात, तोही उगाच नव्हे. श्वास झटक्यात सोडला की पोटाचे स्नायू आवळतात आणि धडाला योग्य क्षणी ताठरपणा येतो.

जलद स्नायू आणि मंद स्नायू

आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू हळू आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहीत. दिवसभर चालणे, उभे राहणे त्यांच्यावर चालते. जलद तंतू झटक्यात जोर देतात आणि लवकर दमतात. कोणात कोणते तंतू किती, हे बऱ्याच अंशी जन्मतः ठरते. सरावाने जलद तंतू जाड आणि सक्षम करता येतात, पण मुळातले प्रमाण फारसे पालटत नाही.

ठोशाला फार वेळ मिळत नाही, हे आपण पाहिलेच. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. ठोसा तोवर लागूनही जातो. म्हणून एखादा माणूस किती वजन उचलतो यापेक्षा तो किती लवकर जोर उभा करतो, याला येथे किंमत आहे. व्यायामशाळेत कमावलेल्या फुगीर शरीराचा माणूस ठोशात कमी पडतो आणि सडपातळ वाइल्डर समोरच्याला लोळवतो, याचे एक कारण हेच.

मग जोरदार ठोसा मारणारा जन्मावाच लागतो काय? या खेळात तसे म्हणण्याची रीत आहे. ते अर्धे खरे आहे. ब्रिटनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अव्वल, मध्यम आणि नवशिक्या मुष्टियोद्ध्यांच्या मागच्या हाताचे ठोसे मोजले. अव्वल खेळाडूंचा जोर सरासरी ४८०० न्यूटन, मध्यमांचा ३७२२ आणि नवशिक्यांचा २३८१ निघाला. म्हणजे अव्वल आणि नवशिका यांत दुपटीचा फरक. त्यातला काही भाग उपजत गुणांचा असेल, पण काही शिक्षणाचाही आहे.

शिकलेली ही गोष्ट टिकतेही फार. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे फ्रेझिअरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. त्यानंतर एकवीस वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने मायकल मूररला दहाव्या फेरीत एका आखूड उजव्या ठोशाने झोपवले. पाय जड झाले होते, हालचाल मंदावली होती. पण ठोसा कसा मारायचा हे शरीर विसरले नव्हते.

मूठ, मनगट आणि हातमोजे

पंज्यात आणि मनगटात मिळून २७ लहान हाडे असतात. सारा जोर शेवटी यांच्यातून जायचा असतो. ठोसा तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळाशी असलेल्या गाठींवर बसावा आणि मनगट सरळ राहावे, असे शिकवतात, कारण त्या हाडांना मनगटाचा भक्कम आधार असतो. मनगट जरा जरी मुडपले तरी जोर वाया जातो आणि हात दुखावतो तो वेगळाच. ज्याला हात दुखण्याची धास्ती असते तो नकळत ठोसा आवरता घेतो.

हातमोजे प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याचे रक्षण करतात, अशी समजूत आहे. व्यावसायिक हेवीवेट लढतीत दहा औंसांचे, म्हणजे सुमारे २८० ग्रॅमचे हातमोजे घालतात. त्यांनी जखमा कमी होतात हे खरे, पण त्यांचा मुख्य फायदा मारणाऱ्याच्या हाताला मिळतो. उघड्या मुठीने कवटीवर पूर्ण जोराने मारणे परवडत नाही, हाड मोडते. पट्ट्या बांधून वर हातमोजा चढवला की ती भीती बरीच कमी होते.

ठोसा कुठे आणि केव्हा बसतो?

आतापर्यंत मारणाऱ्याचा विचार केला. आता खाणाऱ्याकडे वळू. नॉकआऊट हनुवटीवर बसलेल्या ठोशाने जास्त का होतो? हनुवटी मानेच्या आसापासून दूर असते. दाराची कडी बिजागरापासून दूर बसवतात म्हणून दार सहज फिरते, तसेच येथे होते. हनुवटीला बाजूने टोला बसला की डोके झटक्यात फिरते. तांब्यात पाणी घेऊन तो झटकन फिरवला तर तांब्या फिरतो आणि पाणी क्षणभर मागे राहते. खरवसासारखा मऊ मेंदू कवटीत असाच मागे राहतो, पिळवटतो, आणि त्यातले नाजूक तंतू ताणले जातात. शुद्ध राखणारे केंद्र काही क्षण बंद पडते आणि माणूस कोसळतो.

मानेचे स्नायू वेळेवर ताठ झाले तर डोके कमी फिरते. म्हणून दिसलेला ठोसा पचतो आणि न दिसलेला पाडतो. माइक टायसन १९८६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी जगज्जेता झाला. सहा फुटांहून कमी उंचीचा हा माणूस डोके हलवत आत घुसे आणि समोरच्याला दिसणार नाही अशा कोनातून ठोशांची माळ लावी. त्याच्या ठोशातल्या जोराचा बराच भाग या नेमकेपणात होता.

नुसता जोर पुरत नाही, याला अर्नी शेव्हर्सची साक्ष आहे. त्याने ६८ लढती नॉकआऊटने जिंकल्या, पण तो जगज्जेता कधीच झाला नाही. १९७७ मध्ये अली त्याच्यासमोर पंधरा फेऱ्या टिकून गुणांवर जिंकला. १९७९ मध्ये त्याने लॅरी होम्सला सातव्या फेरीत पाडले, पण होम्स उठला आणि अकराव्या फेरीत लढत जिंकून गेला.

या जोराची किंमत

येथवर वाचताना खेळाचे कौतुक वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. पण वैद्यकाच्या दृष्टीने नॉकआऊट म्हणजे मेंदूला झालेली इजा होय. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टराने मुष्टियोद्ध्यांमध्ये दिसणारी अडखळती चाल, मंद बोलणे आणि गोंधळलेली बुद्धी यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि त्यांत झिजेच्या ठरावीक खुणा आढळल्या. महंमद अलीला १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. त्याच्या आजाराचे कारण मुष्टियुद्ध किती आणि इतर किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेले ठोसे मेंदूला घातक असतात, याविषयी मतभेद उरलेले नाहीत.

हे नुकसान केवळ मोठ्या नॉकआऊटने होत नाही. सरावात रोज बसणारे, शुद्ध न हरपवणारे छोटे ठोसेही साठत जातात. डोक्यावरचे संरक्षक शिरस्त्राण जखमा आणि ओरखडे कमी करते, पण आतला मेंदू हिंदकळायचा तो हिंदकळतोच.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

मुलाला बॉक्सिंगची आवड असेल तर त्याला लगेच मना करण्याची गरज नाही. दोरीवरच्या उड्या, पायांची चाल, वाळूच्या पिशवीवरचा सराव, कमरेचे आणि मानेचे व्यायाम यांनी शरीर उत्तम तयार होते. ठोशाचा जोर वाढवायचा असेल तर हेच व्यायाम लागतात, समोरच्याच्या डोक्यावर मारण्याची त्यासाठी गरज नसते. प्रशिक्षक पहिल्या महिन्यापासून मुलांना एकमेकांच्या डोक्यावर मारायला लावत असेल तर मात्र विचार करावा.

डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी बधिर झाले, गोंधळले, त्याला भोवळ आली किंवा मार कसा लागला हे आठवेनासे झाले, तर त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. शुद्ध हरपली नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नसते. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत रिंगणात उतरू देऊ नये.

पुढील लक्षणे दिसली तर क्षणाचाही वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मोठे रुग्णालय गाठावे. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, गुंगी येणे किंवा जागे करूनही नीट जाग न येणे, झटके येणे, एका बाजूचा हात-पाय दुबळा वाटणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून पाण्यासारखा द्रव येणे. कधी कधी मार लागल्यावर माणूस काही तास अगदी ठीक बोलतो-चालतो आणि मग ढासळतो. कवटीखाली साठत गेलेले रक्त त्याला कारण असते. तेव्हा पहिला दिवस-रात्र कोणीतरी जवळ असावे. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा तत्सम दुखण्याच्या गोळ्या देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

आता हाताविषयी. रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर मूठ आपटून दवाखान्यात येणारे तरुण थोडे नसतात. करंगळीच्या मुळाचे हाड अशा वेळी मोडते. गाठ बसकी दिसते, पंजा सुजतो. नुसता शेक देत बसू नये, एक्स-रे काढावा, नाहीतर बोट वाकडे जुळून येते. भांडणात मूठ कोणाच्या दातांवर बसून छोटीशी जखम झाली असेल तर ती मुळीच क्षुल्लक समजू नये. तोंडातले जंतू सांध्यात शिरून दोन दिवसांत हात पार बिघडू शकतो. जखम वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि ती कशी झाली ते खरे सांगावे.

थोडक्यात, ठोशाचा जोर दंडाच्या घेरात किंवा वजनकाट्याच्या आकड्यात नसतो. तो जमिनीपासून मुठीपर्यंतच्या साखळीत, योग्य क्षणी सैल आणि योग्य क्षणी ताठ होण्यात, आणि नेमक्या जागी नेमक्या वेळी पोहोचण्यात असतो. ही साखळी कमावण्यासारखी आहे. ती कमावताना समोरच्याच्या आणि आपल्याही कवटीत एक असा अवयव आहे की जो व्यायामाने मार खायला शिकत नाही, एवढे मात्र विसरू नये.